मौनाच्या दिवशी आलेला कागद

सर्व लहानथोर वाचकांस सविनय नमस्कार. प्रस्तुत लेखात मी आपणांस एका मातेची, तिच्या पहिलीत जाणाऱ्या कन्येची आणि न्यायालयाच्या हुकमाला स्थगिती मिळावी म्हणून केलेल्या एका प्रवासाची हकीकत कथन करणार आहे. त्याच ओघात माझे स्वतःचे अल्पसे जीवनचरित्रही सादर करीन. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एक सांगून दुसरी झाकून ठेवणे मला शक्य नाही.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. आमच्या पलूस भागात मला वडाप म्हणतात. रस्त्यात हात करील त्याला जी गाडी घेते, आणि जागा नसली तरी घेते, ती वडाप.

माझा जन्म पुण्याच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात झाला. रंगाच्या भट्टीची ऊब आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भावंडांची रांग एवढेच मला अंधुक आठवते. माझे मालक आकाराम हे तेव्हा तरुण होते. आठवीनंतर त्यांची शाळा सुटली होती, परंतु वाचनाची गोडी सुटली नव्हती. ज्या दिवशी त्यांनी मला दारात आणले, त्या दिवशी त्यांच्या मातोश्री बनुबाई यांनी माझ्या चारही चाकांखाली लिंबे ठेवली, बॉनेटवर कुंकवाचे बोट ओढले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आक्या, हिला नीट सांबाळ रं. बायकू नंतर बगू."

तद्नंतर मी पुष्कळ धावले. सुट्टीवर येणाऱ्या फौजी पोरांच्या काळ्या ट्रंका मी किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावरून गावोगावी पोचवल्या. जतकडचे धनगर कोकरे मांडीवर घेऊन माझ्यात बसत आणि उतरताना माझ्या पत्र्यावर थाप मारून कानडीत काही बोलत. शब्द मला कळत नसत, माया कळे. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले की गावातील जैन स्त्रिया शुभ्र वस्त्रे नेसून पूजेची ताटे घेऊन माझ्यात बसत आणि शेजारगावच्या बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात, जात. त्या दिवसांत माझ्यात गाणी लागत नसत. आकाराम हे जैन नव्हेत, परंतु कोणाचा उपवास आहे, कोणाचे मौन आहे, कोणाला शिवायचे नाही, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक झाले होते.

पुढे घरटी दुचाकी आली, काही घरांत मोटारीही आल्या. रस्त्यात हात करणारे हात कमी झाले. हळूहळू मी चिंचेखाली उभी राहू लागले. मागच्या बाकावर एक कोंबडी अंडी घालू लागली. माझा हँडब्रेक धरेनासा झाला, म्हणून उभी करताना चाकाखाली दगड लावावा लागे. माझ्याकडे पाहून लोक विचारीत, "आकाराम, भंगारात कवा घालतुयास?" आणि आकाराम म्हणत, "तू गेलास की."

आता मी त्या कागदाकडे येते.

आमच्या गावातील धन्यकुमार हे सालस शेतकरी. सर्व गाव त्यांना आण्णा म्हणते. त्यांची एकुलती एक लेक सुंदरी साताऱ्यास दिली होती. जावई भरतेश बंगळूरला नोकरीस. नवरा-बायकोत बेबनाव झाला आणि सुंदरी आपल्या ब्राह्मीला घेऊन माहेरी आली. दोष कोणाचा, हे मी सांगणार नाही. भरतेश माझ्यात अनेकदा बसले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, परंतु एकदा मनात अढी बसली की ती सोडणे त्यांना जमत नसे.

गेल्या पर्वात आकाराम यांनी मला झाडून पुसून बाहेर काढले. बस्तीला जाणाऱ्या बायकांना घेण्यासाठी आम्ही गावात येत होतो. पलूसहून एक गृहस्थ माझ्यात बसले होते. ते न्यायालयाचे समन्स पोचवणारे बेलिफ होते. तेही दिवसभर उन्हात हिंडणारे पोटार्थी मनुष्य होते. आण्णांच्या दाराशी मी थांबले, तेव्हा सुंदरी सोवळ्यात, ओल्या केसांनी, हाती पूजेचे ताट घेऊन ओसरीवर उभी होती.

बेलिफ उतरून म्हणाले, "सुंदरी भरतेश आपणच ना? कोर्टाचं समन्स आहे. इथं सही करा."

सुंदरीने मान लवविली. तद्नंतर तिने मोकळा हात पुढे करून, जवळ येऊ नका, अशी खूण केली आणि कट्ट्याकडे बोट दाखविले.

"घेत नाही म्हणता?"

तिने पुन्हा तीच खूण केली. आकाराम माझ्या सीटवरून ओरडले, "आवं सायेब, बाईंचं मौन हाय! पर्वाचं धा दिवस बोलत न्हाईत त्या. आन् सोवळ्यात हायत, शिवायचं न्हाई. कट्ट्यावर ठिवा म्हनत्यात. पारणं झालं की सही देत्याल."

"परवा मला जतकडं जायचंय. सरकारी कागदाला सोवळं नसतं."

एवढे बोलून ते परत माझ्यात येऊन बसले. माझ्याच डॅशबोर्डवर कागद ठेवून त्यांनी त्यावर काही लिहिले आणि तो पिशवीत घातला. काय लिहिले, ते पुढे कळले. 'पक्षकाराने हाताने खूण करून समन्स घेण्यास नकार दिला.'

सायंकाळी आकाराम यांनी आण्णांना ही गोष्ट सांगितली. आण्णा म्हणाले, "रस्ता रुंद हुतोय न्हवं, त्यो जमिनीचा कागद असंल. सातबाऱ्यावर लेकीचं बी नाव हाय. वरीसभर येतच हायत तसलं कागद. परत येतील." पारणे झाल्यावर सुंदरीनेही वडिलांचेच म्हणणे खरे धरले. कागद परत आला नाही. न्यायालयाच्या दृष्टीने तो पोचला होता.

मध्ये काही महिने गेले. तारखा पडल्या, सुंदरी हजर नाही असे लिहिले गेले. शेवटी एकतर्फी हुकूम झाला. मुलीचा ताबा पित्याकडे द्यावा आणि अमुक सोमवारी तिला हजर करावे. हुकमाची नक्कल हातात पडली तेव्हा सुंदरीचे कोणतेही मौन नव्हते, तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ब्राह्मीला झोपताना आईच्या कानाची पाळी चिमटीत धरण्याची सवय आहे. त्या रात्री पोर कान धरून झोपली आणि सुंदरी कूस न बदलता पहाटेपर्यंत तशीच पडून राहिली, असे आण्णांनी नंतर आकाराम यांना सांगितले.

सांगलीच्या वकीलबाई संयोगिता यांनी आण्णांच्या ओसरीवर, माझ्या चिंचेसमोर बसून कागद वाचले आणि सांगितले, "हुकूम रद्द करा म्हणून अर्ज देऊ. पण तो चालायला वेळ लागेल. तोवर मुलगी बंगळूरला गेली, तिथल्या शाळेत बसली, की मग कोर्ट तिला पुन्हा हलवायला सहजासहजी तयार होत नाही. म्हणून आधी स्थगिती पाहिजे. शुक्रवारी साताऱ्यात अर्ज चालेल. शुक्रवार गेला की सोमवार."

आकाराम यांनी विचारले, "स्थगिती म्हंजे आमी जिंकलो?"

"नाही. गाडी उतारावर निघाली आहे, ती तिथंच थांबवायची. मागं घ्यायचं नंतर बघू."

"म्हंजे हँडब्रेक."

"बरोबर. हँडब्रेक."

आकाराम माझ्याकडे वळून पाहत राहिले. माझा हँडब्रेक कसा आहे, हे त्यांना ठाऊक होते.

आण्णांच्या भाऊबंदांकडे चांगल्या चांगल्या मोटारी होत्या. परंतु एकाची सर्व्हिसिंगला गेलेली निघाली, एकाच्या घरी पाहुणे आले. वस्तुतः साताऱ्याचे घर सगळ्यांच्याच नात्यात होते आणि कोणालाच वाकडेपणा नको होता. अखेर आकाराम म्हणाले, "आण्णा, साक्षीदार मीच हाय. मला तर याचंच हाय. माझीच गाडी घिऊन जाऊ. पासिंग ह्या म्हैन्याअखेर संपतंय, तवर ती कायद्यानं जिवंत हाय."

अशा रीतीने कोंबडीला उठवण्यात आले व मी निघाले.

मित्रांनो, त्या पहाटेचा प्रवास मी जन्मभर विसरणार नाही. ताकारी गेली, शेणोली गेली, कऱ्हाड गेले. माझ्या अंगातील प्रत्येक नट खुळखुळत होता. सुंदरी मध्ये बसली होती आणि ब्राह्मी तिच्या मांडीवर कान धरून. उंब्रजच्या पुढे माझे रेडिएटर तापले व वाफ निघू लागली. आजूबाजूला पाणी नव्हते. आण्णांजवळ मात्र गाळून उकळलेल्या पाण्याचा कॅन होता. ते दुसरे पाणी पीत नाहीत, आणि सूर्य बुडाल्यावर काही खातही नाहीत. तो कॅन त्यांनी निमूटपणे पुढे केला.

आकाराम ओतता ओतता म्हणाले, "आण्णा, गाळल्यालं पानी पेली ही. आता ही सूर्य बुडाल्यावर डिझेल घ्यायची न्हाई बगा."

सुंदरी खुदकन हसली. मग त्याच हसण्यातून तिला रडू फुटले, व ते कऱ्हाडच्या दिशेने जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजात बुडून गेले. ब्राह्मी आईचा पदर घेऊन तिचे डोळे पुसत होती आणि विचारत होती, "गाडी बरी झाली की गं, मग का रडतीस?"

न्यायालयाच्या आवारात उतार होता. आकाराम यांनी माझ्या चाकाखाली दगड लावला. पुकारा झाला तेव्हा समोरचे वकील दुसऱ्या कामात होते. काम दुपारनंतर ठेवले गेले. दुपारनंतर दुसऱ्याच एका खटल्याचे साक्षीदार उभे राहिले. सुंदरी आत जाई, बाहेर येई, माझा दांडा धरून उभी राही, पुन्हा आत जाई. ऊन माझ्या एका बाजूच्या पत्र्यावरून दुसऱ्या बाजूला आले.

अखेरीस वकीलबाई आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच आण्णा उभे राहिले.

"समोरचे वकील म्हणतात, चालक यांच्याच गावचा, यांच्याच बाजूचा. त्याच्या प्रतिज्ञापत्रावर सरकारी शेरा खोटा कसा ठरवायचा? साहेब म्हणालेत, हातातलं काम संपलं की शेवटी ऐकतो. पण मला धास्ती वाटते."

त्या परत आत गेल्या. सुंदरी माझ्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "आकारामदादा, गाडी चालू करा."

"कुटं जायाचं?"

"कुठंबी. जतच्या पल्याड. कर्नाटकात. मला न् पोरीला कुठल्याबी वस्तीवर उतरा. मेंढरामागं फिरंन मी. पन सोमवारी हिला देनार न्हाई."

आकाराम यांचा हात किल्लीवर गेला, हे मी शपथेवर सांगते. मी तो स्पर्श ओळखते. त्या क्षणी त्यांनी किल्ली फिरवली असती, तर मी कण्हत कुंथत का होईना, सुरू झाले असते.

आण्णा म्हणाले, "सुंदरे, आत्तापत्तूर तू नकार दिल्याला न्हाईस. आज पळालीस, तर त्यो शेरा खरा हुईल."

किल्लीवरचा हात खाली आला. सुंदरी तेथेच, माझ्या पायरीवर बसली.

एवढ्यात पांढऱ्या काठाचे लुगडे नेसलेल्या एक वृद्ध बाई हातात जेवणाचा डबा घेऊन आमच्याकडे येताना दिसल्या. त्या भरतेश यांच्या मातोश्री, सुंदरीच्या सासूबाई, प्रभावती. मुलासोबत त्याही आल्या होत्या. हे कुटुंब सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही, आणि दिवस तर कलू लागला होता.

"जय जिनेंद्र," त्या म्हणाल्या. "पोरीनं खाल्लंय का काय? दिस बुडायला आला."

आण्णांचा संयम सुटला. "विहीणबाई, पोर न्यायला आलाय का जेवू घालायला?"

"आजी हाय मी तिची. हुकमात आजीला बंदी लिवलीया व्हय?" असे म्हणत त्यांनी डबा माझ्या बॉनेटवर ठेवून उघडला. ब्राह्मी टुणकन उडी मारून त्यांना बिलगली. घास कालवता कालवता प्रभावती बोलत होत्या. "तुमच्या लेकीनं कागद घेतला असता तर ही पाळी आली नसती, आण्णा. आली असती, तिची बाजू मांडली असती. हात झटकून मानसाला माघारी लावला म्हनं. एवढा कसला ताठा?"

"हात झटकला न्हाई," आण्णा म्हणाले. "मौन हुतं तिचं."

"कसलं मौन?"

आकाराम खाली उतरले. "आज्जी, पर्वातलं. मी गाडीत हुतो. सोवळ्यात पूजंला निघाल्त्या. कट्ट्यावर कागद ठिवा म्हनून खूण केली. त्यानं नकार लिवला."

प्रभावतींचा घास हातातच राहिला. त्या सुंदरीकडे वळल्या. सून घर सोडून गेल्यापासून त्या तिच्याशी प्रथमच बोलत असाव्यात.

"धाच्या धा दिवस धरलंवतंस?"

"दरसाल धरते, आत्याबाई. तुमीच दिलायसा की. लग्नाच्या पयल्या वर्षी. म्हनलासा, एकदा धरलं की मरंस्तवर सोडायचं न्हाई."

"आन् माझ्या घरातनं गेल्यावर बी सोडलं न्हाईस?"

"घर सुटलं. व्रत कसं सोडू?"

आवारातील एका झाडावर कावळे जमू लागले होते. प्रभावतींनी हातातला घास नातीच्या तोंडात घातला, हात धुतला, डब्याला झाकण लावले आणि डबा तसाच माझ्या बॉनेटवर ठेवून त्या आत निघाल्या. आण्णा म्हणाले, "आवं, तुमी तरी दोन घास खावा, दिस जाईल." त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

आत काय घडले, ते मी पाहिले नाही. जीपला न्यायालयाच्या पायऱ्या चढता येत नाहीत. वकीलबाईंनी परतल्यावर जसे सांगितले, तसेच सांगते. युक्तिवाद सुरू होता. प्रभावतींनी मुलाच्या कानाशी लागून काही सांगितले. त्याने मान हलवून नकार दिला. त्यांनी बाही ओढून पुन्हा सांगितले. मग त्या स्वतःच उभ्या राहिल्या.

न्यायाधीश म्हणाले, "आजी, बसा. तुम्ही या कामात पक्षकार नाही."

"पक्षकार न्हाई सायेब, सासू हाय मी."

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "सुनंला मौन मीच दिलंय. पर्वात ती बोलत न्हाई. ती न्हाई म्हनली असं ज्यानं लिवलं त्यानं चुकीचं लिवलं. एवढं लिवून घ्या, मग मी बसते."

न्यायाधीशांनी भरतेश यांनाच विचारले, "हे खरे आहे?" वकीलबाई सांगत होत्या की भरतेश कितीतरी वेळ आईकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "होय साहेब. दर वर्षी धरते. पण समन्स त्याच दिवसांत गेलं, हे मला माहीत नव्हतं."

पुढील तारखेपर्यंत हुकमाला स्थगिती मिळाली. मुलगी आईपाशी राहील, आणि पित्याने दर रविवारी तिला येऊन भेटावे, असे लिहिले गेले. सुंदरी बाहेर आली ती धावत नव्हे, चालत. माझ्यापाशी येऊन तिने ब्राह्मीला उचलून घट्ट धरले. आकाराम यांनी दोघींना आधार देऊन बाकावर बसविले.

सूर्य बुडाला होता. डबा बॉनेटवर तसाच होता.

भरतेश यांची मोटार आमच्यासमोरून निघून गेली, आणि प्रभावती फाटकाशी एकट्याच उभ्या दिसल्या. आकाराम यांनी दगड काढून मला त्यांच्याजवळ नेले व दार उघडले.

"पवई नाक्याला सोडतुयास काय बाबा?"

"आज्जी, वडाप हाय ही. हात केला की थांबतीया."

उरलेला डबा त्यांनी ब्राह्मीला भरवला. लेकराला व्रत नसते. त्या आणि सुंदरी मात्र उपाशीच शेजारी शेजारी बसल्या. सबंध वाटेत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ते मौन कोणत्या पर्वाचे, हे मला सांगता येणार नाही. ब्राह्मी दोघींच्या मांड्यांवर आडवी झाली, एका हाताने तिने आईचा कान धरला, आणि थोड्या वेळाने दुसरा हात वर करून आजीचा. पवई नाका आला तेव्हा ती गाढ झोपली होती. प्रभावतींना आपल्या कानावरून तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली. त्याला बराच वेळ लागला. मागून गाड्या हॉर्न वाजवीत होत्या. आकाराम यांनी घाई केली नाही.

उतरून त्या एवढेच म्हणाल्या, "फुडच्या तारखंला पोरीचा स्वेटर आना. हितं गारठा असतोय."

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा चिंचेखाली उभी आहे. माझ्या पासिंगची मुदत संपली. नवीन पासिंगसाठी आकाराम यांनी मला सांगलीला नेले, ते हँडब्रेकपाशी अडले. दुरुस्ती चालू आहे. मला पुन्हा रस्त्यावर येऊ देतील की नाही, कोणास ठाऊक. पुढची तारीख जवळ आली आहे. रविवारी भरतेश येतात, ओसरीवर बसतात, ब्राह्मी त्यांना आपली वही दाखवते. स्थगिती अजून आहे. परंतु स्थगिती म्हणजे चाकाखालचा दगड, हे माझ्याइतके कोणाला कळणार? उतार तसाच आहे. दगड सरकला, तर काय होईल, या विचाराने सुंदरी रोज पहाटे उठून बसते, आणि मी तिच्या खिडकीतला दिवा येथून पाहते.

माझी आपणांस हात जोडून एकच विनंती आहे. मला हात नाहीत, तरी जोडलेत असे समजावे. जुन्या वस्तूंना भंगार म्हणण्याआधी एकदा चालवून पाहा. आणि समोरचा मनुष्य बोलला नाही, तर त्याने नकार दिला, असे लिहिण्यापूर्वी शेजारी उभ्या असलेल्या कोणाला तरी विचारा, हा का बोलत नाही? विचारायला लागतो तेवढाच वेळ त्या दिवशी दारात थांबला असता, तर एका आईला रोज पहाटे दिवा लावून बसावे लागले नसते.

जीपला लिहिता येत नाही, म्हणून तिचे मनोगत यथामती लिहून काढले. चूकभूल असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून हे शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
आकाराम अर्जुना मोहिते
वडापचालक, तालुका पलूस